बीपीचं मशीन घेताय? आधी दंडाचं माप घ्या

दंडावर लावायचं डिजिटल बीपी मशीन घेऊन तीन महिने झाले, रोज वापरून मगच लिहितेय. माझं वय ४६, आईला बीपी, मामालाही, म्हणजे घरातूनच आलेलं, त्यात पाळी जायच्या वयात बायकांचं बीपी वाढायला लागतं आणि दवाखान्यात गेलं की मला धडधडतं, म्हणून म्हटलं घरीच बघू.

पहिल्या आठवड्यात जाम घाबरले, रोज १५० च्या वर. डॉक्टरांकडे मशीनच घेऊन गेले तर त्यांनी आधी पट्टा बघितला. पट्ट्यावर छापलंय २२ ते ३२ सेंमी आणि माझा दंड शिवणाच्या टेपने भरला ३५. पट्टा लहान पडला की आकडा उगाच वाढून येतो. दुकानात विचारलं होतं हो मी, तर ‘सगळ्यांना बसतो ताई’ म्हणून तोच गळ्यात मारला. २२ ते ४२ चा वेगळा मागवला, आता १३८/८८ च्या आसपास येतं. घरी १३५/८५ च्या वर राहिलं तर ते जास्तच धरतात, त्यामुळे सुटले नाहीये, पण निदान आकडा खरा आहे.

मोजायच्या आधी पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसायचं, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला, लघवीला जाऊन यायचं, अर्धा तास आधी चहा नाही. आई ७१ ची, सकाळी मिश्री लावून लगेच पट्टा बांधायची आणि आकडा चढलेला, तासाभराने निवांत घेतलं की १०-१२ ने कमी. तंबाखूने शिरा आवळतात हे तिला मी वर्षानुवर्षं सांगतेय, स्क्रीनवर बघितल्यावर पहिल्यांदा गप्प झाली. मिश्री सुटली नाही अजून, पण दोनवेळची एकवेळ झाली.

नवऱ्याची नाईट शिफ्ट, झोप जेमतेम पाच तास, पोट सुटलेलं, त्याचंही वरच निघालं आणि तो म्हणत होता मला काहीच त्रास नाही! त्रास होतच नाही बहुतेकांना, तीच तर भीती आहे.

मग मी मिठाचा हिशोब केला. आम्ही तिघं, एक किलोचा पुडा महिन्यात संपतो, म्हणजे माणशी दिवसाला ११ ग्रॅम, थोडं वाया जातं धरलं तरी ५ ग्रॅमच्या मर्यादेच्या कितीतरी वर, आणि पापड, लोणचं, फरसाण यात धरलेलंच नाही. आता ताटात वरून मीठ बंद.

मशीन सोपं आहे, आकडे मोठे, आईला चष्म्याशिवाय दिसतात, मेमरीतले डॉक्टरांना दाखवता येतात. मनगटावरचं घेऊ नका, हात जरा खालीवर झाला की आकडा बदलतो. आणि आकडा बघून गोळी स्वतःच्या मनाने कमीजास्त करू नका प्लीज. मशीनला चार स्टार, एक कापला तो पट्ट्यासाठी, मोठा पट्टा बॉक्समध्येच द्यायला हवा होता.