जैसलमेरमधला संसार: उकाडा, नहर आणि कूलरचा पंप

किल्ला, पटव्यांच्या हवेल्या, गडीसर तलाव हे बहुतेकांनी सहलीत पाहिलंय. ते दोन दिवसांचं जैसलमेर. मी सांगतेय ते भाड्याच्या घरातलं. बँकेच्या बदलीमुळे दिवाळीनंतर इथे आले आणि तेव्हापासून इथेच आहे. लिहायला निमित्त झालं कूलरचा पंप जळाल्याचं, त्यामुळे कूलर जरा जास्तच येईल. सांभाळून घ्या.

उन्हाची भीती सगळ्यांनी घातली होती. मी दहिवडीची, दुष्काळ आणि ऊन मला नवं नाही. पण इथला पाऊस वर्षाला दोनशे मिलिमीटरच्या आतबाहेर, म्हणजे आमच्या माणदेशाच्या निम्म्याहूनही कमी. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो, लू चालते, दुपारी बाजार ओस पडतो. तरी घरात मी मजेत होते, कारण हवा कोरडी ठणठणीत. ४२ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर साधा कूलर खोलीत २७ अंशांच्या आसपासची हवा सोडतो. पाण्याची वाफ होताना लागणारी उष्णता हवेतूनच ओढली जाते, एवढंच त्याचं यंत्र. विजेला जेमतेम दोनशे वॅट. शेजारच्यांचा दीड टनी एसी आणि माझा कूलर यांची बिलं शेजारी ठेवली तेव्हा मला फार बरं वाटलं, हे कबूल. फक्त मागची खिडकी उघडी ठेवायची. बंद खोलीत कूलर लावून "काही उपयोग नाही" म्हणणारे खूप भेटतात.

पण हा कूलर पाणी पितो. तासाला दहा-बारा लिटर सहज, दिवसाला शंभराच्या वर. आणि पाणी येतं इंदिरा गांधी कालव्यातून, पार पंजाबच्या हरिकेपासून. त्या कालव्याची दुरुस्ती दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावरच निघते. नहरबंदी म्हणतात. म्हणजे ज्या दिवसांत कूलरला पाणी लागतं, नेमक्या त्याच दिवसांत नळाला एक दिवसाआड, कधी त्याहून उशिरा पाणी. मग टँकर. टँकरचं पाणी बोअरचं, खारं. वाफ होते ती निव्वळ पाण्याची, क्षार मागे राहतात; पंधरवड्यात पॅडवर पांढरी पुटं चढली, पंपाच्या जाळीत खडे अडकले, आणि जूनच्या ऐन दुपारी पंप गुरगुरून बंद पडला.

वॉरंटी होती. कंपनीचं सर्व्हिस सेंटर जोधपूरला, पावणेतीनशे किलोमीटरवर. फोनवरचा माणूस आधी म्हणाला, दोन दिवसांत येतो. मग म्हणाला, मशीन इकडे पाठवा. शेवटी म्हणाला, "मॅडम, पानी खारा है, वॉरंटी में नहीं आता." वाळवंटात विकायचा कूलर, नाव 'डेझर्ट कूलर', आणि वाळवंटातलं पाणी चालत नाही! मी तक्रार नोंदवली. चार दिवसांनी मेसेज आला: आपल्या तक्रारीचं निराकरण झालं आहे. बाजारातल्या मेकॅनिकने कुठल्याशा साध्या कंपनीचा पंप बसवला, नवं गवत भरलं आणि सांगितलं, टाकीतलं उरलेलं पाणी आठवड्यातून दोनदा पूर्ण ओतून द्यायचं, वरून नुसती भर घालत राहायचं नाही. ओतलेलं पाणी मी फरशीला वापरते. फरशीवरही पांढरे डाग पडतात, पण फुकट तर जात नाही.

बाहेर फिरण्याबद्दल. इथलं घड्याळ सूर्यापेक्षा पाऊण तास पुढे चालतं. जूनमध्ये सूर्य मावळायला पावणेआठ होतात, त्यामुळे सहाला बँकेतून सुटल्यावर फिरायला जायचं हे विसरा. पहाटे साडेपाचला निघायचं. जानेवारीत उलट, सात वाजता अजून झुंजूमुंजू असतं आणि हात बाहेर काढवत नाहीत. ऑक्टोबर ते मार्च मात्र सायकलवाल्यांसाठी स्वर्ग आहे: सपाट रस्ते, मोकळी हवा. गावाभोवती वाळू नाही, खडकाळ माळ आहे; वाळू बघायला समला चाळीस किलोमीटर जावं लागतं आणि हंगामात तिथे जीप, डीजे आणि मॅगीचे स्टॉल. खुरीला जा, तिथे निदान बोललेलं ऐकू येतं. बडा बागच्या छत्र्या, म्हणजे राजघराण्यातल्यांच्या समाध्या, पवनचक्क्यांच्या रांगेत उभ्या आहेत, संध्याकाळी जाण्यासारख्या. बाडमेर रस्त्यावर अकलला अठरा कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड झालेले बुंधे उघड्यावर पडलेत. लोक सतरा किलोमीटरवर राहून तिथे जात नाहीत. आणि आपल्या सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यातून दोनदा हात हलवत परत आल्यावर माळढोक मी शेवटी इथल्या डेझर्ट नॅशनल पार्कमधल्या सुदासरीला पाहिला, दुर्बिणीतून, उन्हाच्या झळांमध्ये थरथरताना. त्याच माळावरच्या वीजतारांना धडकून हे पक्षी मरतात, हे वाचून असल्यामुळे आनंद अर्धाच झाला.

इथपर्यंतचं जूनमध्ये लिहिलं होतं. आता ऑगस्ट आहे आणि कूलरबद्दल मत बदललंय. पारा उतरलाय, ३६ अंश, पण हवेत निम्म्याहून जास्त आर्द्रता. कूलर आता जेमतेम सहा अंश खाली आणतो आणि वर खोली दमट करतो. चादरी ओलसर, मीठ पाझरलेलं, कपाटाला वास. मेमध्ये ४२ला मी निवांत झोपत होते, ऑगस्टमध्ये ३६ला नाही. ज्यांनी "उन्हाळा काढलास, आता काय" म्हटलं त्यांनी हे सांगितलं नव्हतं. रात्री गच्चीवर खाट टाकली की वाऱ्याने बरं वाटतं, पण मग आंधी येते आणि पहाटे तोंडात धूळ असते. एसी घेतलेला नाही. या दीड महिन्यासाठी एवढा खर्च मला पटत नाही. कदाचित पुढच्या वर्षी पटेल.

बाकी राहायला गाव सरळ आहे. लोक अदबीने बोलतात, रात्री एकटीने चालत येताना मला भीती वाटली नाही. पालेभाजी रडकी आणि महाग, सांगरी (खेजडीच्या झाडाच्या शेंगा) उत्तम. मोठ्या आजाराला जोधपूर गाठावं लागतं. घरात म्हातारं माणूस असेल तर याचा आधी विचार करा.

बदलीवर येणाऱ्यांनी घर बघताना खालचा मजला घ्या, जाड पिवळ्या दगडाच्या भिंती असतील तर उत्तम, आणि जमिनीतलं टाकं किती लिटरचं आहे ते झाकण उघडून बघा, मालकाच्या शब्दावर जाऊ नका. कूलरचे पॅड आणि एक जादा पंप जानेवारीतच घेऊन ठेवा. एप्रिलमध्ये दुकानदार सांगेल तो भाव.