कौलारू घर, पाऊस आणि वेगळा पॉवर अँप: अकरा महिने वापरल्यावर

आमचं घर गोव्यातल्या डिचोली तालुक्यातलं, जांभ्या दगडाच्या जाड भिंती, वर मंगलोरी कौलं आणि खाली फळ्यांचं सिलिंग. हे आधी सांगतोय कारण सिनेमाच्या रिसीव्हरला (सगळ्या स्पीकरना आवाज पुरवणारं यंत्र) वेगळा पॉवर अँप जोडायच्या या सगळ्या खटाटोपाचं मूळ त्या कौलांत आहे. जूनमध्ये एकदा पाऊस लागला की रात्री हॉलमध्ये शेजारच्या माणसाशीसुद्धा मोठ्याने बोलावं लागतं, मग सिनेमातले संवाद कुठून ऐकू येणार. एरवी आमचा व्हॉल्यूम वजा २२ वर असतो (आकडा शून्याच्या जितका जवळ तितका आवाज मोठा), पावसात तो वजा १२ पर्यंत न्यावा लागतो आणि मागच्या वर्षापर्यंत नेमका तिथेच रिसीव्हर दम सोडायचा. आवाज वाढायचा पण कर्कश व्हायचा, संवाद डब्यातून आल्यासारखे, आणि मागच्या वर्षी जुलैत दोनदा तर ऐन सिनेमात कट्ट करून बंदच पडला, नुसता लाल दिवा लुकलुकत राहिला. हात लावून बघितलं तर वरची जाळी चटका बसेल इतकी गरम.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हताच. रिसीव्हर ९५ वॅटचा, पण तो आकडा ८ ओहमला आणि फक्त दोन चॅनेल (म्हणजे दोन स्पीकर) चालू असतानाचा. सगळे चॅनेल एकदम ओढायला लागले की एकाच ट्रान्सफॉर्मरमधून सगळ्यांची वाटणी होते आणि प्रत्येकाच्या वाट्याला बरंच कमी येतं. वरून माझे पुढचे तिन्ही स्पीकर ४ ओहमचे, म्हणजे ८ ओहमपेक्षा जास्त करंट ओढणारे. कागदावर ८७ डीबी (डेसिबल) सेन्सिटिव्हिटी, म्हणजे एक मीटरवर किती आवाज येतो ते, लिहिलीय, पण ती २.८३ व्होल्टला मोजलेली, म्हणजे ४ ओहमला तो १ वॅट नसून २ वॅट होतात, तेव्हा खरा हिशेब ८४ डीबीचा. आम्ही बसतो साडेतीन मीटरवर, तिथपर्यंत येताना आणखी ११ डीबी जातात. (खोलीच्या भिंती त्यातलं थोडं परत देतात, पण ते सोडून देऊ.) म्हणजे एका वॅटला कानापाशी ७३ डीबी. सिनेमाच्या रेफरन्स लेव्हलला, म्हणजे व्हॉल्यूम शून्यावर, एका चॅनेलचा पीक (सगळ्यात मोठा आवाज) १०५ डीबी धरतात, तेव्हा वजा २२ वर पीक ८३ चा, त्याला लागतात १० वॅट. वजा १२ वर पीक ९३ चा, त्याला लागतात १०० वॅट! व्हॉल्यूमचा आकडा फक्त १० ने वाढला आणि वॅट दसपट झाले. हा हिशेब कागदावर मांडला तेव्हा पहिल्यांदा कळलं की उन्हाळाभर मजेत चालणारा रिसीव्हर पावसाळ्यातच का मरतो. ४ ओहमला १०० वॅट म्हणजे ५ अँपियर करंट, तोही एका स्पीकरला, आणि धडामधुडूम सीनला तिन्ही स्पीकर एकदम मागतात.

अँप घ्यायच्या आधी फुकटातले उपाय करून बघितले आणि तुम्हीही तेच आधी करा असं मी अगदी मनापासून सांगेन. सगळे स्पीकर सेटिंगमध्ये 'स्मॉल' केले, क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ, खालचा सगळा बास सबवूफरकडे. सबवूफरला स्वतःचा अँप असतो त्यामुळे रिसीव्हरच्या डोक्यावरचं मोठं ओझं उतरतं. फरक पडला, चांगला पडला. मग रिसीव्हर बंद कपाटातून काढून उघड्या रॅकवर ठेवला, वर एक वीत मोकळी जागा. एक उपाय मात्र उलटा पडला. रिसीव्हरच्या मेनूत इंपीडन्स ४ ओहम करायचं सेटिंग असतं, ते मी केलं होतं, नावावरून वाटतं की हेच बरोबर. ते सेटिंग मुळात पॉवरला लगाम घालतं, म्हणजे गरम कमी होतो पण दम अजूनच कमी. ते परत होतं तसं केलं. एवढं सगळं करूनही सलग दोन तास जोराचा पाऊस असला की तोच प्रकार, तेव्हा ठरवलं.

माझ्या रिसीव्हरला मागे प्री-आऊट (बाहेरच्या अँपला सिग्नल द्यायची भोकं) आहेत म्हणून हे जमलं. घ्यायच्या आधी आपल्या रिसीव्हरची पाठ बघा, फक्त सबवूफरचा प्री-आऊट असेल तर हा विषय तिथेच संपतो. मी तीन चॅनेलचा क्लास एबी (अँपचा एक नेहमीचा प्रकार) अँप घेतला, ८ ओहमला १५० वॅट आणि ४ ओहमला सव्वादोनशेच्या आसपास, पणजीतल्या एका गृहस्थांकडून सेकंडहँड, ६२ हजाराला. वजन २३ किलो, दुचाकीवरून आणायचा विचारसुद्धा करू नका. पुढचे डावा, उजवा आणि सेंटर असे तीन स्पीकर अँपवर, बाकी बाजूचे-मागचे सराऊंड स्पीकर रिसीव्हरवरच ठेवले. प्री-आऊट ते अँप एक मीटरच्या साध्या आरसीए वायरी टाकल्या, तिथे हजारो रुपये घालवायची काही गरज नाही.

आता खरं रामायण. पहिल्या संध्याकाळी स्विच मारला आणि एमसीबी पडला. पुन्हा वर केला, चालू झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पडला. आत मोठा टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर असतो, तो चालू होताना क्षणभर खूप करंट ओढतो आणि आमच्या हॉलची लाइन होती ६ अँपियरची, त्यावरच पंखे, दिवे, सगळं. इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने अँपसाठी बोर्डापासून वेगळी २.५ स्क्वेअर एमएमची वायर ओढली, १६ अँपियरचा पॉइंट, सी-कर्व्हचा, म्हणजे क्षणभराचा जादा करंट सोसणारा एमसीबी. त्यानंतर आजवर एकदाही पडला नाही.

दुसरी भानगड घूं आवाजाची. सिनेमा थांबवला की तिन्ही स्पीकरमधून बारीक घूंऽऽ ऐकू यायचं. रिसीव्हरवर असताना हे कधीच नव्हतं, म्हणून आधी वाटलं जुना अँप घेऊन फसलो, त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी शांतपणे एक एक करून बघितलं. अँपच्या मागच्या आरसीए काढल्या, आवाज गेला, म्हणजे अँप निर्दोष. परत लावल्या आणि रिसीव्हरच्या एक एक वायरी काढत गेलो, केबल टीव्हीची गोल वायर सेट-टॉप बॉक्समधून काढली आणि एकदम शांत. ग्राउंड लूप. ती वायर बाहेरून खांबावरून येते, तिची अर्थ (अर्थिंग) वेगळी आणि आपल्या घराची वेगळी, त्या दोघींमधून फिरणारा करंट स्पीकरमधून ऐकू येतो. त्या वायरीवर एक छोटा आयसोलेटर बसवला, तीनशे-चारशे रुपयांची गोष्ट, प्रश्न मिटला. एक हात जोडून विनंती आहे, घूं घालवायला थ्री-पिन प्लगची अर्थ पिन काढू नका. आवाज जातो हे खरंय, पण अँपची बॉडी धातूची असते, आत काही तुटून बॉडीला लागलं आणि अर्थ नसेल तर हात लावणाऱ्याचा जीव जाईल. घरात लहान मुलं असतात.

अर्थचा विषय निघालाच म्हणून इलेक्ट्रिशियनने न्यूट्रल आणि अर्थच्या मध्ये मीटर लावला तर १८ व्होल्ट. तो म्हणाला, "बाब, ही अर्थ नावालाच आहे हां, चला मागे बघू." तुळशीच्या मागे माती उकरली तर जुना जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) पाइप गंजून चाळण झालेला, तार नुसती त्याला टेकून होती, बोट लावलं तर हलली. आजोबांच्या वेळेला वीज आली तेव्हाचा असावा. इतकी वर्षं आमचा फ्रिज, गीझर, मिक्सर सगळं या तारेच्या भरवशावर चाललं होतं! नवा खड्डा मारला, कोळसा आणि मिठाचे थर, नवा पाइप, वर पाणी ओतायला तोंड. आता मीटर २ च्या आत असतो. आपली जांभ्याची जमीन एप्रिल-मेमध्ये पार कोरडी होते आणि अर्थ कमजोर पडते, त्यामुळे त्या दिवसांत खड्ड्यात पाणी ओतत राहायला त्याने बजावून सांगितलं. अकरा महिन्यांत या सगळ्यावर जो खर्च झाला त्यातला सगळ्यात सत्कारणी लागलेला पैसा मी याच खड्ड्याला म्हणेन, अँपला नाही.

आता आवाजाचं. पहिले दोन दिवस मी हवेत होतो, केवढा फरक, केवढा मोकळा आवाज असं सगळ्यांना फोन करून सांगितलं. मग रिसीव्हरचा माइक लावून कॅलिब्रेशन (सगळ्या स्पीकरची लेव्हल जुळवणं) पुन्हा केलं तर पुढच्या तिन्ही स्पीकरची लेव्हल जवळपास ३ डीबी खाली आली. या अँपचा गेन (सिग्नल किती वाढवतो ते) रिसीव्हरच्या आतल्या अँपपेक्षा तेवढा जास्त आहे, म्हणजे त्याच आकड्यावर पुढचा आवाज ३ डीबी मोठा येत होता आणि कानाला मोठा आवाज नेहमी चांगलाच वाटतो. लेव्हल सारखी केल्यावर, कोरड्या दिवसात, वजा २२ वर... फरक मला ऐकू येत नाही. खरंच येत नाही. डोळे मिटून ओळखायला सांगितलं तर मी ओळखणार नाही. अँप बदलून कॅलिब्रेशन न करता कोणी "जमीन-आसमानाचा फरक" म्हणत असेल तर आधी लेव्हल बरोबर करून मग ऐका एवढंच म्हणेन. बाबा रोज सकाळी जुनी नाट्यगीतं लावतात, हळू आवाजात, त्यांना तर काहीच वेगळं वाटलं नाही आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

म्हणजे नोव्हेंबर ते मे मी जवळपास साठ हजाराचं यंत्र विनाकारण सांभाळत होतो असंच म्हणावं लागेल. खरी परीक्षा पावसातच होणार होती.

आणि ती झाली. जुलैतली एक रात्र, संध्याकाळपासून जो कोसळत होता तो थांबायचं नाव नाही, राजांगणात (घराच्या मधल्या अंगणात) पागोळ्यांचा नुसता पडदा. आई, बाबा, बायको, मुलगी, सगळे सिनेमा बघत बसलो होतो, व्हॉल्यूम वजा ११. आईची सवय अशी की पावसात दर पाच मिनिटांनी "काय म्हणाला रे तो?" विचारणार आणि आम्ही मागे घेऊन परत दाखवणार. मध्यंतर होऊन गेलं असेल तेव्हा लक्षात आलं की आज तिने एकदाही विचारलं नव्हतं. मी तिच्याकडे बघत राहिलो. सेंटर स्पीकरमधून माणूस समोर बसून बोलावा तसा आवाज येत होता, कौलांवर पाऊस तसाच, पण त्याच्यावरून संवाद सरळ येत होते, चिरकणं नाही, डब्यातून आल्यासारखं नाही. उठून रिसीव्हरला हात लावला, कोमट. अँपचं हीटसिंक गरम पण हात ठेवता येईल इतकंच. रिसीव्हरला आता फक्त सराऊंड ओढायचे असतात त्यामुळे तो निवांत. पूर्ण पावसाळ्यात एकदाही प्रोटेक्शनला गेला नाही, म्हणजे स्वतःला वाचवायला आपोआप बंद पडला नाही.

दुसरी गोष्ट चवथीची, म्हणजे गणेश चतुर्थीची. आमच्याकडे घुमट आरती होते, घुमट (मातीच्या भांड्याला चामडं लावलेलं वाद्य), शामेळ (काठ्यांनी वाजवायचं), कासाळें (मोठ्या झांजा), मागच्या वर्षी मी रेकॉर्डरवर ती रेकॉर्ड केली होती. घर भरलेलं असताना सगळ्यांना ऐकवायची म्हणून जोरात लावली की पूर्वी कासाळें कानात घुसायचं आणि घुमटाचा थाप पोकळ यायचा. अँप क्लिप व्हायला लागला की लाटेची टोकं सपाट होतात आणि त्यातून मुळात नसलेले वरचे सूर तयार होतात, तोच तो कर्कशपणा. यंदा तेच रेकॉर्डिंग, तेवढ्याच आवाजात, काका तर म्हणाले, "हे मागल्या वर्षीचंच काय रे?" घुमटाचा तो दबका, पोटात लागणारा हुंकार आणि त्याच्यावर कासाळें वेगळं, स्वच्छ. माझे डोळे भरून आले, कारण त्यातला एक आवाज आमच्या धाकट्या आजोबांचा, ते यंदा आरतीला नव्हते.

गोव्यातल्या हवेचं थोडं. जुलै-ऑगस्टमध्ये आरसीएच्या पितळी टोकांवर हिरवट थर येतो, दर दोन महिन्यांनी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतो. पावसाळ्यात अँप रोज निदान तासभर चालू ठेवतो, आत गरम झाला की दमट धरत नाही. पाली ही मोठी डोकेदुखी, गरम जागा शोधत जाळीतून आत शिरतात आणि आत शॉर्ट झालं की संपलंच. अँपच्या जाळीवर काही झाकू नका, हवा बंद होते, मी रॅकच्या मागे मच्छरदाणीची नायलॉन जाळी ताणून लावलीय. रात्री रॅकखाली टॉर्च मारून बघायची सवय लागलीय.

संध्याकाळी कधी कधी व्होल्टेज १९५ पर्यंत उतरतं. अशा अँपची पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबाने पडते, म्हणजे २३० चं १९५ झालं तर पॉवर सुमारे २८ टक्के कमी. तेवढं उरलेलं मला पुरतं म्हणून स्टॅबिलायझर घेतला नाही. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर मात्र चालवू नका, साधा स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल तर ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो. विजेचं बिल विचाराल तर नुसता चालू असताना हा ६० वॅटच्या आसपास खातो, रोज चार तास धरले तर महिन्याला ७ युनिट, फार नाही. रिसीव्हरच्या १२ व्होल्ट ट्रिगरला जोडलाय, रिसीव्हर बंद केला की तोही बंद.

तुमचं घर स्लॅबचं असेल, स्पीकर ८ ओहमचे आणि दोन-अडीच मीटरवर बसत असाल तर मी सरळ सांगतो, घेऊ नका, तेच पैसे सबवूफरवर किंवा खोलीच्या पडद्या-गालिच्यांवर घाला. माझ्यासारखं कौलारू मोठं घर आणि ४ ओहमचे स्पीकर असतील तर घ्या, पण इलेक्ट्रिशियन आधी बोलवा आणि अँप नंतर.

सध्या परतीचा पाऊस गडगडायला लागलाय. ढग भरून आले की अँपचा प्लग, रिसीव्हरचा प्लग आणि ती केबलची गोल वायर तिन्ही काढतो, नुसता स्विच बंद करून भागत नाही. अर्थच्या खड्ड्यात पाणी ओतायचं काम आईने स्वतःकडे घेतलंय, मेमध्ये रोज सकाळी तुळशीला घालून झालं की उरलेला तांब्या ती तिथे रिकामा करायची.