कोरीसाठी कन्हानची रेती : दीड वर्षाचा अनुभव

कन्हान नदीच्या रेतीवर अर्धं नागपूर उभं आहे. गेलं दीड वर्ष आमच्या सहा कोरीही तिच्यावरच आहेत, म्हणून हे लिहितेय.

कोरी म्हणजे तळाशी फिरणारी दोन-अडीच इंचांची मिशाळ मासोळी. आमच्या ब्राँझ जातीच्या. टाकी अडीच फुटी, ७० लिटरची. घेताना दुकानदाराने सोबत रंगीत गोटे बांधून दिले आणि सांगितलं, "ही खालची घाण खाते, वेगळं खाणं टाकायचं काम नाही." दोन्ही सल्ले वाईट निघाले. वरच्या माशांचं उरलेलं खाणं गोट्यांच्या फटीत जाऊन कुजायचं आणि कोरीचं तोंड तिथवर पोचायचं नाही. तीन महिन्यांत मिशा झिजल्या, एकीच्या तोंडाशी तर नुसते खुंट उरले. पोटं आत गेली होती. मला फार लागलं ते.

दुकानात पांढऱ्या रेतीच्या पाच किलोच्या पिशवीला साडेतीनशे रुपये मागितले. दीड इंच थराला माझ्या टाकीत १४ किलो रेती लागते, म्हणजे हजाराच्या वर. तेव्हा शेजारी स्लॅबचं काम चालू होतं. तिथल्या मिस्त्रीभाऊंना दोन घमेली मागितली.

"काकू, कुंड्याईत टाकता का?"

"नाही भाऊ, मासोळ्यांसाठी."

"मासोळीले रेती? न्या मंग, चांगली कन्हानची आहे."

रेती फुकट, मेहनत मात्र भरपूर. आधी गव्हाच्या चाळणीने खडे काढले, मग मैद्याच्या चाळणीने भुकटी. नदीच्या रेतीत बारीक शिंपले असतात. ते पाण्यात विरघळून पाणी जड करतात, म्हणून एकेक वेचले. लोहचुंबक फिरवलं तर बांधणीच्या तारेचे तीन तुकडे चिकटून आले. ही पायरी अजिबात टाळू नका, कारण कोरी रेती तोंडात घेते. चमचाभर रेतीवर व्हिनेगर टाकून पाहिलं. फेस आला असता तर चुना आहे समजून मी ती वापरली नसती. शेवटी टबात धुणं. तेरावं पाणी नितळ निघालं.

टाकीत रेती पडली त्या संध्याकाळी मी तासभर खुर्ची टाकून बसले होते. एका कोरीने डोळ्यांपर्यंत थोबाड रेतीत खुपसलं आणि दोन्ही कल्ल्यांतून रेतीची बारीक धार बाहेर पडली. खाणं आत, रेती बाहेर. मग डोळा खाली वळवून, मिचकावल्यासारखं करून पुढे गेली. गोट्यांवर हे एकदाही दिसलं नव्हतं. खुंट राहिलेल्या मासोळीच्या मिशा अडीच महिन्यांत परत आल्या. डावीकडची एक अजून आखूड आहे, त्यावरूनच ती ओळखू येते. याचं सगळं श्रेय रेतीला देणार नाही. बुडणाऱ्या गोळ्या मी आता रोज रात्री दिवा बंद केल्यावर टाकते, आणि दर रविवारी चौथा हिस्सा पाणी बदलते. नळाचं पाणीही कन्हान-पेंचचंच, पण त्यात क्लोरीन असतं. ते मारणारं औषध टाकल्याशिवाय पाणी ओतत नाही.

तक्रारी दोन. रेती फिल्टरमध्ये ओढली जाते. माझ्या फिल्टरचा पंखा पहिल्याच महिन्यात घासून कामातून गेला, तेव्हापासून फिल्टर चार बोटं वर बसवलाय. दुसरं, थर दोन इंचांच्या वर गेला की खाली हवा पोचत नाही आणि सडक्या अंड्यासारखा वास धरतो. दीड इंच पुरे.

खरा फायदा उन्हाळ्यात कळला. पाणी ३० अंशांवर गेलं की त्यात प्राणवायू लिटरला साडेसात मिलिग्रॅमच्या आसपासच मावतो, आणि कुजणारी घाण त्यातलाही खाते. रेतीवर घाण वरच राहते, सायफनची नळी बोटभर वर धरून फिरवली की निघते. शिवाय मे महिन्यात पाण्याची पातळी दोन इंच खाली ठेवून पाण्यावर छोटा पंखा लावते. पंख्याने पाण्याची वाफ होते आणि पाणी थंड होतं; कूलरची दमट हवा असली की त्याचा उपयोग कमी होतो, म्हणून टाकी कूलरच्या खोलीतून हलवली. कोरी मधूनच वर झेपावून हवा गिळते, ती आतड्यातूनही श्वास घेते, त्यात घाबरण्यासारखं नाही. सगळ्याच मिनिटामिनिटाला वर यायला लागल्या की मात्र लगेच एअर पंप वाढवा आणि पाणी बदला.

एक सांगते, क्रशरची रेती घेऊ नका. दगड फोडून केलेली असते, कण धारदार. नदीची रेती चिमटीत चोळली तर टोचत नाही, हीच ओळख. पावसाळ्यात घाटावरचा उपसा बंद असतो आणि रेती महागते, त्यामुळे एक चुंगडी उन्हाळ्यातच चाळून, धुवून, वाळवून ठेवा.