भिंतीवरची वटवाघळांची पेटी: दोन उन्हाळे वापरल्यानंतर

आधी निकाल सांगते, कारण बऱ्याच जणांना तेवढाच हवा असतो: वटवाघळांना राहायला भिंतीवर लावायची ही लाकडी पेटी जरूर घ्या. पण पेटी आणली, भिंतीला ठोकली की वटवाघळं आपोआप येतील अशा हिशोबाने घेणार असाल, तर थांबा. भिंत किती तापते, पेटीतली फट किती अरुंद आहे आणि तिन्हीसांजेला घरामागे किती काळोख असतो, यावरच सगळं ठरतं. पेटी कितीही देखणी असली तरी त्यांना त्याचं काही नसतं.

आम्ही इंग्लंडमध्ये, रेडिंगला राहतो. १९३०च्या दशकातलं जोडघर, मागे छोटी बाग आणि चालत जाण्याच्या अंतरावर केनेट नदी. नदीमुळे चिलटं भरपूर, त्यामुळे वटवाघळंही आधीपासून होती, फक्त आमच्याकडे मुक्कामाला नव्हती. इथली बहुतेक लहान वटवाघळं पिपिस्ट्रेल जातीची. वजन जेमतेम ५ ग्रॅम, म्हणजे २० पेन्सच्या नाण्याइतकं. कौलाखालची फट, वळचणीची सुटलेली फळी एवढी जागा त्यांना पुरते. पण हल्ली छप्पर दुरुस्त करताना नेमक्या त्याच जागा बुजवल्या जातात. घर उबदार राहावं म्हणून आपण ते करतो हे खरं, पण त्यात त्यांचं घर जातं. म्हणून मला पेटी लावायची होती.

ऑनलाइन मागवलेली पहिली पेटी मी परत पाठवली. बाहेरून सुरेख, वर वटवाघळाचं चित्र, पण आतून गुळगुळीत प्लायवूड आणि त्यावर व्हार्निशचा वास. अशा लाकडावर नखं टिकत नाहीत, आणि व्हार्निश किंवा वाळवीचं औषध लावलेलं लाकूड त्यांच्या जवळपासही नको. खरेदीच्या आधी विक्रेत्याला दोनच प्रश्न विचारा: लाकडावर काही लावलंय का, आणि आतली फट किती मिलिमीटरची आहे? उत्तर धड देता आलं नाही तर ती पेटी घेऊ नका.

नंतर घेतली ती ‘केंट’ पद्धतीची. केंट परगण्यातल्या वटवाघूळ-मंडळाने तयार केलेला हा नमुना इथे सगळ्यांना ठाऊक आहे. रंधा न मारलेल्या खरबरीत फळ्या, आत १५ ते २५ मिलिमीटरच्या दोन उभ्या फटी, धरायला आडव्या खाचा आणि खालून उघडी. खालून उघडी असल्यामुळे लेंड्या आपोआप खाली पडतात, साफसफाईचा प्रश्नच येत नाही. मला साधारण तीस पौंड पडले. हात चालत असेल तर घरी करायलाही सोपी आहे, सुताराला तर अर्ध्या दिवसाचंही काम नाही.

जागा ठरवायला मात्र घाई करू नका. उंची किमान चार मीटर हवी, जास्त असेल तर उत्तम. तोंड दक्षिणेला, आग्नेयेला किंवा नैर्ऋत्येला, म्हणजे दिवसाचा काही वेळ तरी ऊन लागतं. समोर फांदी किंवा वायर नको, कारण बाहेर पडताना वटवाघळं आधी खाली झेप घेतात. आमची पेटी नैर्ऋत्येच्या भिंतीवर, त्रिकोणी माथ्याच्या खाली आहे. खिडकीच्या वर मुद्दाम लावली नाही, नाहीतर काचेवर लेंड्यांचे डाग रोज पुसावे लागले असते. शिडीचं काम अनुभवी माणसाकडून करून घेतलं.

पहिला अख्खा उन्हाळा पेटीत फक्त कोळी राहिले. हे नेहमीचंच आहे. काही पेट्यांना वर्षानुवर्षं कोणी येत नाही, काहींना महिन्याभरात पाहुणे मिळतात. त्या काळात पेटीची जागा सारखी बदलायचा मोह होतो. तो आवरा.

दुसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये पेटीखालच्या फरशीवर लांबट काळे दाणे दिसले. उंदराचे असतील ही पहिली शंका. ती फेडायचा सोपा उपाय म्हणजे हातमोजा घालून एक दाणा टिश्यूवर चिरडून बघणे. उंदराची लेंडी वाळली की कडक होते, फुटत नाही. हा दाणा मात्र बोटाखाली भुगा झाला, आणि त्या भुग्यात किड्यांच्या पंखांचे, पाठीचे बारीक तुकडे चमकत होते. तो टिश्यू मी घरातल्या प्रत्येकाला दाखवला.

त्याच संध्याकाळी डिटेक्टर, म्हणजे वटवाघळांचे आपल्याला ऐकू न येणारे आवाज ऐकवणारं छोटं यंत्र, घेऊन बागेत बसले. सूर्यास्तानंतर साधारण वीस मिनिटांनी पेटीच्या खालच्या कडेवर काहीतरी हललं, ओघळल्यासारखं खाली आलं आणि क्षणात वळून नदीच्या दिशेने गेलं. डिटेक्टर ५५ किलोहर्ट्झला लावल्यावर टपटप असा ओला आवाज स्पष्ट आला, आणि शेजाऱ्यांच्या झाडापाशी किडा टप्प्यात येताच त्याचा एकदम ‘फर्रर्र’ झाला. म्हणजे ही सोप्रानो पिपिस्ट्रेल. साधी पिपिस्ट्रेल ४५च्या आसपास ऐकू येते. १९९०च्या दशकापर्यंत या दोन्ही एकच जात मानल्या जात होत्या, आवाजावरून त्या वेगळ्या असल्याचं कळलं. डिटेक्टर हा वेगळा खर्च आहे, पण पेटीपेक्षा जास्त आनंद मला त्याने दिला. मुलं असतील तर जरूर घ्या.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येणारे बहुधा नर असतात, माद्यांना बोलावण्यासाठी ते अशी जागा धरून बसतात. जून-जुलैमध्ये पिल्लं वाढवायला माद्यांचा मोठा गट पेटीत येईल ही अपेक्षा ठेवू नका. त्यांना घराच्या छपरासारखी मोठी, खूप उबदार जागा लागते, आणि मादीला वर्षाला पिल्लू एकच होतं. म्हणूनच छपरात वसाहत असलेलं घर जपणं हे दहा पेट्या लावण्यापेक्षा मोलाचं आहे. छप्पर बदलणार असाल तर आणखी एक गोष्ट कंत्राटदाराला विचारा. कौलांखाली हल्ली जे ‘श्वास घेणारं’ कापडासारखं आवरण घालतात, त्याचे धागे सुटतात आणि त्यांत वटवाघळं अडकून मरतात. जुन्या पद्धतीचं डांबरी फेल्ट त्यांच्यासाठी सुरक्षित असतं.

दिव्यांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण आमच्याकडे खरा फरक तिथे पडला असं मला वाटतं. पिपिस्ट्रेल रस्त्यावरच्या दिव्याखाली किडे खाताना दिसते, त्यामुळे तिला उजेड चालतो असा समज होतो. पण राहत्या जागेच्या तोंडावर प्रकाश पडला तर ती उशिरा बाहेर पडते, आणि किड्यांची सर्वांत जास्त गर्दी असते ती वेळ हातची जाते. आमच्या शेजारच्या काकांचा सुरक्षा-दिवा थेट आमच्या भिंतीवर यायचा. मी जाऊन पेटी दाखवली, कारण सांगितलं. त्यांनी दिवा खाली वळवला, सेन्सरची वेळ कमी केली, आणि आता वटवाघळं दिसली का हे तेच मला विचारतात. आम्ही बागेत रात्री सुगंध देणारी स्टॉक आणि हनीसकल ही फुलझाडं लावली, त्यावर पतंग येतात. मांजर असेल तर सूर्यास्ताच्या सुमाराला घरात ठेवा. मांजरांमुळे खूप वटवाघळं जखमी होतात.

साताऱ्याहून मामांचा फोन आला होता: “अगं, त्या निपाहवाल्या वटवाघळांना घरात कशाला बोलावतेस?” त्यांची भीती हवेतली नव्हती. महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांमध्ये निपाहविरुद्धची प्रतिपिंडं सापडल्याचं पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलं, आणि ती गुहा त्यांच्यापासून लांब नाही. मी त्यांना सांगितलं की इथली वटवाघळं फक्त किडे खातात, आणि ब्रिटनमध्ये निपाह नाही. रेबीजसारखा एक विषाणू मात्र इथल्या काही जातींत क्वचित सापडतो, आणि २००२ मध्ये स्कॉटलंडमध्ये वटवाघळांसोबत काम करणाऱ्या एकाचा त्याने मृत्यू झाला. म्हणून नियम एकच, उघड्या हाताने कधीही उचलायचं नाही. चावलं तर साबणाने धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं, लस घ्यायची. पेटी चार मीटरवर असताना तशी वेळ सहसा येत नाही. जमिनीवर पडलेलं दिसलं तर वटवाघूळ हेल्पलाइनला फोन करा.

पेटी लावण्याआधी कायदा नक्की समजून घ्या. इथे १९८१च्या वन्यजीव कायद्याने सर्व वटवाघळांना संरक्षण आहे. ती त्या क्षणी आत नसली तरी त्यांची जागा मोडणं किंवा बुजवणं हा गुन्हा आहे, आणि ती राहायला आल्यावर परवान्याशिवाय पेटी उघडताही येत नाही. दोन-तीन वर्षांत माळ्यावर खोली काढायचा बेत असेल तर पेटी त्या भिंतीवर नको, झाडावर लावा.

उणं काय? भिंतीवर थोडे डाग पडतात. आत काय चाललंय ते कधीच दिसत नाही. आणि चिलटं कमी झाली का, तर मला फरक जाणवला नाही. एक पिपिस्ट्रेल रात्रीत तीन हजारांपर्यंत बारीक किडे खाऊ शकते, पण नदीकाठी किड्यांना तोटा नाही. डासांवरचा इलाज म्हणून घेऊ नका.

दुसरी पेटी मागवली आहे. ती आग्नेयेच्या बाजूला लावणार, कारण ऊन कमी-जास्त झालं की वटवाघळं जागा बदलतात आणि दोन वेगळ्या दिशा दिल्या तर त्यांना निवड मिळते. एप्रिलच्या आत ती भिंतीवर चढलेली असेल.