टूमस्टोनचे जुने न्यायालय: गोळीबाराच्या खेळाआधी पाहावे असे संग्रहालय

ॲरिझोनातील टूसॉनहून आग्नेयेला सुमारे ७० मैलांवर असलेल्या टूमस्टोन या गावाचा बहुतेक व्यापार जेमतेम ३० सेकंदांच्या एका चकमकीवर चालतो. २६ ऑक्टोबर १८८१ रोजी ओ. के. कोरल या तबेल्याच्या मागील बाजूस, फ्रीमाँट स्ट्रीटलगतच्या एका अरुंद मोकळ्या जागेत सुमारे ३० गोळ्या झाडल्या गेल्या. एका बाजूला गावचा मार्शल (पोलीस प्रमुख) व्हर्जिल अर्प, त्याचे भाऊ वायट व मॉर्गन आणि वायटचा मित्र डॉक हॉलिडे होते; दुसऱ्या बाजूच्या क्लॅन्टन मंडळींपैकी बिली क्लॅन्टन, टॉम मॅकलॉरी व फ्रँक मॅकलॉरी हे तिघे ठार झाले. त्या प्रसंगाचे नाट्यप्रयोग गावात तिकीट लावून होतात आणि बरेच प्रवासी तेवढे पाहून, टोपी घालून छायाचित्र काढून परततात. ज्याला एकच तिकीट काढायचे असेल, त्याने ते टफनट स्ट्रीटवरील जुन्या जिल्हा न्यायालयाचे काढावे, असे माझे मत आहे.

ही दुमजली विटांची इमारत १८८२ मध्ये बांधली गेली. १९२९ मध्ये जिल्ह्याचे ठाणे बिस्बी येथे हलेपर्यंत कोचीस जिल्ह्याचा कारभार येथूनच चाले. आता हे राज्याच्या अखत्यारीतील संग्रहालय आहे. चकमकीनंतरची चौकशी या इमारतीत झाली नाही, कारण तेव्हा ती उभीच नव्हती. तरीही न्यायदालन आणि शेरीफची (जिल्ह्याच्या पोलीस अधिकाऱ्याची) कचेरी पाहून अंगणातील फाशीच्या चौथऱ्यापाशी (तो नंतर पुन्हा उभारलेला आहे) आल्यावर, सरहद्दीवरच्या गावात कायदा नव्हताच हा चित्रपटांनी रुजवलेला समज टिकत नाही.

येथे येण्यापूर्वी एक गोष्ट माहीत असणे आवश्यक आहे. एप्रिल १८८१ मध्ये टूमस्टोनच्या नगर परिषदेने ९ क्रमांकाचा नियम करून गावाच्या हद्दीत शस्त्र बाळगण्यास बंदी घातली होती. बाहेरून येणाऱ्याने आपले पिस्तूल तबेल्यात किंवा गुत्त्यात ठेवायचे आणि गाव सोडताना परत घ्यायचे, अशी पद्धत होती. आपल्याकडे निवडणुकीच्या काळात परवान्याची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करून घेतात, तसाच हा प्रकार, फक्त बारमाही. शस्त्र जमा करण्यास निघालेल्या किंवा ते घेऊन गावाबाहेर पडणाऱ्या माणसाला मात्र सवलत होती, आणि सगळा वाद त्या सवलतीपाशी येऊन अडकतो. चकमकीच्या सकाळीच बिलीचा भाऊ आयक क्लॅन्टन याला शस्त्र बाळगल्याबद्दल पकडून २५ डॉलरचा दंड झाला होता. दुपारी मार्शल व्हर्जिल अर्प उरलेल्यांची शस्त्रे काढून घेण्यासाठी निघाला. ते लोक गाव सोडण्याच्या बेतात होते की भांडणाच्या, याचा निकाल आजही लागलेला नाही. टॉम मॅकलॉरीजवळ शस्त्र होते की नाही, यावरही एकमत नाही.

मी पाहिलेल्या नाट्यप्रयोगात या नियमाचा उल्लेख एका वाक्यात उरकला होता. अभिनय उत्साही होता, बारुदाचा आवाज दणदणीत होता. पण ही माणसे भांडत कशावरून होती, हे शेजारी बसलेल्या कुटुंबाला कळले असेल असे वाटत नाही. नगरपालिकेच्या नियमाच्या अंमलबजावणीतून घडलेला प्रसंग निव्वळ मर्दुमकीचा सामना म्हणून दाखवणे मला खटकले.

चकमकीनंतर वायट अर्प आणि डॉक हॉलिडे यांच्यावर खुनाचा आरोप ठेवून न्यायाधीश वेल्स स्पायसर यांच्यासमोर सुमारे महिनाभर चौकशी चालली. खटला उभा राहण्याइतका पुरावा नाही, असे सांगून स्पायसरने त्यांना सोडले. परंतु ज्यांचे क्लॅन्टन मंडळींशी आधीच वितुष्ट होते, अशा वायट आणि हॉलिडे यांनाच मदतीला घेण्याचा व्हर्जिलचा निर्णय अविचारी होता, असा ठपकाही त्याने ठेवला. त्या काळाकडून शिकण्यासारखे काही असेल तर ते मला या निकालात सापडते: शस्त्रबंदीचा नियम योग्यच होता, पण तो राबवण्याचे काम वैर असलेल्यांच्या हाती गेले. पुढच्या घटना त्याला पुष्टी देतात. डिसेंबरमध्ये दबा धरून झाडलेल्या गोळ्यांनी व्हर्जिलचा डावा हात निकामी झाला, मार्च १८८२ मध्ये मॉर्गन अर्पला बिलियर्ड खेळताना ठार मारण्यात आले, आणि त्यानंतर वायट स्वतःच सूड घेत फिरला.

न्यायालयाच्या भिंती उभ्या राहिल्या म्हणून झुंडी थांबल्या, असेही झाले नाही. बिस्बीतील दरोडा व हत्याकांडाच्या खटल्यात पाच जणांना येथे कायदेशीर फाशी झाली. त्याच प्रकरणातील जॉन हीथ याला मात्र जन्मठेप झाली होती. ती शिक्षा सौम्य वाटलेल्या जमावाने २२ फेब्रुवारी १८८४ रोजी त्याला याच इमारतीतील तुरुंगातून बाहेर काढून तारेच्या खांबाला लटकवले.

बाहेर ॲलन स्ट्रीटच्या लाकडी फळ्यांच्या पदपथावरून चालताना खरी पिस्तुले लावलेले पर्यटक दिसू शकतात आणि ते कायद्याला धरून आहे, कारण २०१० पासून ॲरिझोनात २१ वर्षे पूर्ण केलेल्या, कायद्याने अपात्र न ठरलेल्या व्यक्तीस लपवून शस्त्र बाळगण्यासाठीही परवाना लागत नाही. म्हणजे १८८१ चे टूमस्टोन या बाबतीत आजच्यापेक्षा कडक होते. सार्वजनिक ठिकाणी शस्त्र बाळगण्याच्या हक्काविषयीच्या २०२२ च्या ब्रुएन खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पश्चिमेकडील प्रदेशांचे असे जुने निर्बंध अल्पकाळ टिकलेले आणि थोड्याच लोकसंख्येला लागू असलेले म्हणून फारसे महत्त्वाचे मानले नाहीत. संख्येचा युक्तिवाद समजतो. पण जेथे बंदुका सर्रास होत्या तेथील लोकांनी स्वतःहून केलेला नियम इतक्या सहज बाजूला सारला जावा, हे मला पटत नाही.

न्यायालयासाठी किमान दीड तास हाताशी ठेवावा. नाट्यप्रयोग त्यानंतर पाहिला तर त्यात काय गाळले आहे ते कळते. फार लहान मुले सोबत असतील तर प्रयोगातील आवाजाची कल्पना त्यांना आधीच द्यावी; बूटहिलची दफनभूमी वेळ उरल्यासच, कारण तेथील थडग्यांवरचे बरेचसे फलक नंतर लावलेले आहेत.