तळ्याला कागद की रबर?

वाडीत कमळाचं लहानसं तळं करतो म्हटलं की पहिला सल्ला येतो, "सिमेंटचं टाकं बांध ना!" काळ्या मातीत तो ऐकू नका. उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसात फुगणारी जमीन टाक्यालाही तडे पाडते. ताडपत्रीही राहू द्या. पाण्याखाली ती ठीक असते, पण काठावरच्या उघड्या पट्टीचा दोन उन्हाळ्यांत भुगा झालेला मी पाहिलाय. पाणी मुरू नये म्हणून खड्ड्यात अंथरायला उरला शेततळ्याचा 500 मायक्रॉनचा एचडीपीई कागद, म्हणजे जाड प्लास्टिक, नाहीतर ईपीडीएम रबर, म्हणजे ताणली जाणारी रबराची चादर. मी दोन्ही वापरले, तेही एकाच खड्ड्यात.

माझा खड्डा 12 बाय 8 फूट, खोली अडीच फूट. लांबी-रुंदीत खोलीची दुप्पट मिळवा, काठासाठी दोन्हीकडे एकेक फूट धरा. 19 बाय 15 चा तुकडा लागतो. कागदाचा तेवढा तुकडा बारा-तेरा किलोचा, एकट्यानं खांद्यावर आणला. एक मिलिमीटरचं रबर तीस किलोच्या वर जातं. नागपूरहून आलेली गुंडाळी उतरवायला दोघं लागले. पैशानंही मला जवळपास तिप्पट पडलं. मोठं शेततळं असेल तर रबराचं नावच काढू नका.

कागद पाणी धरत नाही असं मुळीच नाही. पहिली दोन वर्षं थेंब गेला नाही. मात्र तो आहे ताठ. शेततळ्याच्या सरळ उतारावर छान बसतो, आपल्या वाटोळ्या तळ्यात घड्या उभ्याच राहतात आणि त्यांच्याआड पाला कुजत बसतो. एवढं मी चालवून घेतलं होतं.

गोम निघाली तिसऱ्या वर्षी. शेजारची वगार पाणी प्यायला आली, काठावर पाय घसरला आणि खुरानं कागद फाटला. भोक रुपयाएवढं. सकाळी पाहतो तर पाणी बरोबर तिथवर उतरलेलं. सायकलच्या पंक्चरचं ठिगळ लावलं, दुसऱ्या दिवशी ते पाण्यावर तरंगत होतं. मग इपॉक्सी लावून पाहिलं, शेवटी डांबर. या प्लास्टिकला कुठलाच गोंद धड धरत नाही, ते तापवूनच जोडावं लागतं. जोडणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "भाऊ, एवढ्याशा ठिगळासाठी मशीन अन् जनरेटर कायले आणू? तिकडं एखादं शेततळं निघालं का येतो." त्याचंही खरंच होतं. पण शेततळं काही निघालं नाही, आणि आरोग्य केंद्रातून आणलेले गप्पी मासे दीड महिना रांजणात राहिले. तोवर घरच्यांना प्यायचं पाणी घागरीतून घ्यावं लागलं, त्यावरून ऐकलेलं बोलणं वेगळंच.

तेव्हा रबर घेतलं. तासभर उन्हात पसरून ठेवलं की ते मऊ पडतं आणि खड्ड्याच्या अंगाला बसतं. घड्या पडतात, पण लोळवता येतात. खालची माती भेगाळली तरी ते ताणून घेतं, निदान माझ्याकडे चार उन्हाळे घेतलंय. गेल्या मे महिन्यात पाणी आठवड्याला तीन-चार इंच आटत होतं, उघड्या पडलेल्या काठावरचं गवत काढताना माझ्याच हातून विळा लागला. जागा पुसली, वाळवली, प्रायमर फिरवला, टेपचा तुकडा गोल कापून अंगठ्यानं दाबत बसलो. चहा होईस्तोवर काम झालं. टेप आणि प्रायमर मात्र रबरासोबतच मागवा, तालुक्याच्या दुकानात विचारत फिरू नका. आणि मासे सोडायचे असतील तर छतावर घालायचं रबर नको, तळ्यासाठीचंच मागा.

बाभळीचा काटा दोन्हींना सारखाच. खाली चाळलेली रेती आणि तिच्यावर न कुजणारी, सिंथेटिक धाग्याची जुनी सतरंजी हवीच. बारदाना कुजतो, मुरूम टोचतो.

तुमच्या गावात मशीनवाला राहत असेल, किंवा तळं चौकोनी आणि ढोरांपासून दूर असेल, तर कागदानंही भागेल. तिप्पट पैसे घाला असं मी कसं म्हणू? माझ्या गावात तो राहत नाही.

जुना कागद सध्या कुटारावर झाकलाय. भोकावर दगड ठेवलाय.