कॅम्पर, कुत्रे आणि ‘सॅल्मन फिशिंग’ : आगाऊ पैसे असे जातात

वैनगंगेकाठच्या गावांत उन्हाळा लागला की मोबाईलवर एक जाहिरात फिरते. एसी कॅम्पर, सहा जणांची झोपायची सोय, कुत्रे चालतील, गोसीखुर्द धरणाच्या पाण्यावर चार दिवस सॅल्मन फिशिंग, परवाना आमच्याकडे. साकोलीकडच्या दोन घरांनी मिळून या जाहिरातीवर 21,000 रुपये घालवले. ठरल्या दिवशी गाडी आली नाही आणि फोनही बंद झाला. पैसे कसे काढले जातात ते नीट कळावं म्हणून हे लिहितो आहोत, कारण सुट्ट्या संपेपर्यंत हा धंदा चालूच असतो.

एकरकमी कोणी मागत नाही. आधी 5,000 बुकिंगचे. मग फोनवर बोलणं होतं, ‘कुत्रे चालते ना जी?’ ‘चालते ना भाऊ, दोन्ही आणा.’ दुसऱ्या दिवशी निरोप येतो की कुत्र्यांचं परत मिळणारं डिपॉझिट प्रत्येकी 3,000. मग चौघांचा मासेमारी परवाना, डोई 1,500. निघायच्या आदल्या रात्री डिझेलचे 4,000. प्रत्येक रक्कम लहान असते, आणि आधीचे बुडू नयेत म्हणून माणूस पुढचे देत जातो. यातलं कुत्र्यांचं डिपॉझिट सगळ्यात हमखास वसूल होतं. घरचं जनावर मागे कोणाकडे ठेवायचं हा प्रश्न असतो, म्हणून लोक घासाघीस न करता देऊन टाकतात.

खरं तर जाहिरातीतला मासाच सगळं सांगून जातो. सॅल्मन हा थंड पाण्याचा मासा. पाणी 20 अंशांच्या वर गेलं की त्याचे हाल सुरू होतात, आणि मे महिन्यात आपल्या तलावाचं पाणी पहाटेही कोमट असतं. विदर्भात रोहू, कटला, मृगळ, मरळ, वाम मिळेल. सॅल्मन कुठल्याच धरणात नाही. बाजारात ‘इंडियन सॅल्मन’ म्हणून विकतात तो रावस, आणि तो समुद्राचा.

‘पाठीवरच्या पराच्या मागे शेपटीकडे छोटा मांसल पर दिसला की सॅल्मन’ असं सांगून आपल्याकडचेच मासे दाखवणारेही आहेत. तो पर सॅल्मनला असतो हे खरं, पण शेततळ्यातल्या पंगासलाही असतो आणि रूपचंदलाही. पंगासला खवले नसतात, तोंडाशी मिशा असतात. रूपचंद थाळीसारखा रुंद, पोटाशी लालसर, आणि दात माणसासारखे सपाट. सॅल्मनचं अंग लांबट, खवले बारीक, मांस नारिंगी आणि त्यात पांढऱ्या चरबीच्या रेघा.

फोटोही मोठे करून बघा. या जाहिरातीत स्टिअरिंग डाव्या बाजूला होतं, मागे सूचिपर्णी झाडं, आणि हातातला मासा अंगाने लालभडक, डोकं हिरवट. हा रंग सॉकाय सॅल्मनला अंडी घालायच्या काळात येतो. अलास्कात उन्हाळ्यात लोक गाडीत कुत्रे घेऊन याच माशांमागे जातात, पण तिथे परवाना राज्याच्या मासे-वन्यजीव खात्याचा लागतो आणि किंग सॅल्मनसाठी वेगळा शिक्का घ्यावा लागतो. तिथला फोटो इथल्या धरणाच्या नावाखाली चिकटवला होता.

पैसे देण्याआधी गाडीचा नंबर मागा आणि सरकारच्या एम-परिवहन ॲपवर टाका. वाहनाचा प्रकार, विमा आणि फिटनेसची तारीख दिसते. स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीची पाटी काळी, अक्षरं पिवळी; ड्रायव्हरसकटची असेल तर पाटी पिवळी, अक्षरं काळी. पांढरी पाटी म्हणजे खासगी गाडी, ती भाड्याने देता येत नाही. आरसीवर (गाडीच्या नोंदणीपत्रावर) मालवाहू लिहिलंय आणि आत पलंग-ओटा ठोकलाय, तर तो बदल आरटीओकडे नोंदलेला नाही. अपघात झाला तर विम्यासाठी भांडत बसावं लागेल.

खरोखर गाडी आली तरी ‘रात्रभर एसी’ हा हिशेब करून बघा. 12 व्होल्ट, 100 अँपिअर-अवरच्या साध्या बॅटरीत 1,200 वॅट-अवर असतात आणि त्यातले निम्मेच वापरावेत. एक टनाचा एसी तासाला साधारण 1,000 खातो. म्हणजे अर्धा-पाऊण तास. त्यापुढे जनरेटर नाहीतर बाहेरची वीज हवी, आणि धरणाच्या काठावर ती कोण देणार?

कुत्र्यांसाठी ही गोष्ट जीवावरची आहे. उन्हात बंद गाडीचं तापमान दहा मिनिटांत साधारण 10 अंशांनी चढतं. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 39 च्या आत-बाहेर. 41 ला गेलं, जीभ जांभळट झाली, पाय लडखडले तर सावलीत नेऊन साधं पाणी ओता, वारा घाला आणि तडक डॉक्टरकडे न्या. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला तर मे महिन्यात नेऊच नका.

मासेमारीच्या परवान्याचीही आधी खात्री करा. धरण-तलावातली मासेमारी बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने असते. गळ टाकायचा असेल तर त्या संस्थेच्या माणसाला भेटा, पावती घ्या. गाडीवाल्याने दिलेलं लॅमिनेटेड कार्ड तिथे चालत नाही. गोसीखुर्दला लागून उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य आहे. त्याच्या हद्दीत मासेमारी नाही आणि कुत्राही नेता येत नाही. काठावर बिबट्या येतो, म्हणून हद्दीबाहेरही रात्री कुत्रा बांधून ठेवू नका.

पैसे गेलेच असतील तर घरात चर्चा करत बसू नका, लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी समोरच्या खात्यात रक्कम अडवली जाण्याची आशा. हाताशी यूपीआयचा 12 आकडी व्यवहार क्रमांक, समोरचा यूपीआय आयडी आणि वेळ ठेवा. बँकेला कळवा, तक्रार सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर नोंदवा आणि जवळच्या पोलीस ठाण्यातही द्या. चॅट पुसू नका. आणि पुढच्या काही दिवसांत ‘तुमचा रिफंड मंजूर झालाय’ असा फोन येईल, बहुधा त्याच टोळीचा. पैसे मिळवायला पिन कधीच टाकावा लागत नाही. तो पिन मागेल किंवा स्क्रीन दाखवायचं ॲप टाकायला लावेल, तिथेच फोन ठेवा आणि तो नंबरही तक्रारीत जोडा.